फ्रान्सहून आलेलं गाठोडं

आमच्या धंद्यात जेवणाला नावं ठेवली तर मी ऐकून घेते. पिठलं खारट झालं, भाकरी करपली, म्हणा काय म्हणायचं ते, उद्या नीट करीन. पण अंथरुणाला कुणी नाव ठेवलं की माझा जीव खालीवर होतो. जेवण माणूस विसरतो. ढेकूण चावून अंगावर उठलेल्या गांधी विसरत नाही, घरी जाऊन चार जणांना दाखवतो.

वेल्ह्याकडं गडाच्या पायथ्याला आमचं गाव. गड चढायला येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय करते मी. पाटीवर मुलानं 'होमस्टे' लिहून घेतलंय, मी आपली खाणावळच म्हणते. शाळा चौथीपर्यंत, तीही माहेरी, वरवे बुद्रुकला. पुढचं वाचन पाहुण्यांनी मागं टाकलेल्या पेपरांवर झालं. भाकरी बांधून द्यायला म्हणून ठेवायचे आणि वाचतच बसायचे. तेव्हा शुद्धलेखनाचं संपादकबाईंनी बघावं, त्यांनीच लिही म्हणून मागं लागून लिहून घेतलंय.

बाहेरच्याला वाटतं, ह्यात काय एवढं, दोन खोल्या झाडायच्या आणि चार भाकऱ्या थापायच्या. खरं काम आहे ते गादीचं. पाहुणा गेला की गादी अंगणात उन्हाला, दुपारी उलटायची. चादर धुवायला टाकायच्या आधी उजेडात धरून बघायची. मोहरीएवढा काळा ठिपका दिसला की समजायचं, कुणीतरी मुक्काम ठोकलाय. मग खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी, भिंतीच्या चिरांत चुना. लोक म्हणतात ढेकूण गरिबाच्या घरी असतो, घाणीत असतो. मी सांगते, त्याला त्यातलं काही कळत नाही. त्याला ऊब कळते आणि रक्त कळतं. तो भारी बॅगेतून येतो आणि साध्या पिशवीतूनही येतो.

पायथ्याची आम्ही सहा घरं बचत गटाची. पाहुण्यावरून भांडणं नकोत म्हणून नंबर लावलेले. ज्याचा नंबर त्याच्या घरी पाहुणा. अध्यक्ष ताराबाई. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी दुखलंखुपलं की पहिली हीच धावणार. तिनं नंबर कधी मोडला नाही. मोडायची तो फक्त फ्रान्सचं माणूस आलं की.

"आक्का, तुमच्याकडं धाडते."

"अगं, नंबर तुझा हाय."

"असू द्या. तुमाला जमतं त्यांचं."

हे कुठून सुरू झालं, मला खरंच ठाऊक नाही. जर्मनीचं चालायचं, इंग्लंडचं चालायचं. फ्रान्सचं म्हटलं की बाया पदर सावरून बसायच्या. गटाच्या मोबाईलवर काय काय फिरत यायचं. जगातली सगळ्यात घमेंडी माणसं म्हणजे फ्रान्सची. आंघोळ करत नाहीत, वरून अत्तर मारतात. बेडूक खातात. इंग्रजी येत असून मुद्दाम बोलत नाहीत. आता खेकडे हातानं धरून आणून त्याचा रस्सा भुरकणारी आम्ही माणसं, बेडकावरून नाक कशाला मुरडायचं? आणि इंग्रजीचं म्हणाल तर माझ्याकडे आलेल्या फ्रेंच माणसांना ती माझ्याएवढीच यायची. म्हणजे चुकेल म्हणून लाजत, अडखळत. लाजणाऱ्या माणसाला लोक घमेंडी म्हणतात हे मी माझ्या सासरी नवी नवरी असतानाच अनुभवलंय.

टीव्हीवर फ्रान्स दिसायचा तो पेटलेल्या गाड्यांचा. आमचे मालक जेवताजेवता विचारायचे, "त्येंच्याकडं रोजच पेटतंय का काय?" मला हसू यायचं. आमच्या गडाचंही तेच आहे की. वर्षभर त्याला कोणी विचारत नाही, पण कुणी पाय घसरून पडलं की दिवसभर टीव्हीवर. लगेच पुण्याहून फोन, "मावशी, तुमच्याकडे यायला सुरक्षित आहे ना?" आम्ही रोज त्या वाटेनं शेण, लाकडं, पाणी वाहतो हे टीव्हीवर कसं येणार.

तर अशा फ्रेंच पाहुण्यांत क्लेरबाई आली. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळी, पांढरे केस पोरासारखे कापलेले. गड चढायची तिला हौस नव्हती. ती सकाळी उठून बादलीभर थंड पाण्यानं आंघोळ करायची, आणि मी मुद्दाम ताराबाईला ऐकू जाईल असं ओरडायचे, "बाई, गरम देऊ का?" जेवायला तास तास बसायची. शेवटी भाकरीच्या तुकड्यानं ताट असं पुसायची की घासायला ताट राहायचंच नाही.

एक दिवस ती फिरत फिरत बौद्धवस्तीत कमळाबाईच्या अंगणात पोचली. कमळाबाई आमच्या गटातलं सहावं घर. तिच्याकडं पाहुणे जायला लागले ते सगळ्यांच्या शेवटी. त्याचं कारण मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल. पण वाकळ शिवावी तर तिनंच. दोन जुनी लुगडी, मध्ये जुन्या कापडांचे थर, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि कडेनं आत आत येत बारीक धावदोरा. क्लेरबाई जी तिथं मांडी घालून बसली ती दिवेलागणीला उठली. दुसऱ्या दिवशी परत. भाषा एकीची एकीला येत नाही, तरी दोघींचं काहीतरी चाललेलं. कमळाबाईनं तिला लुगड्याचा काठ दाखवला. मोबाईलमधल्या भाषांतराला मी सांगितलं, त्यानं फ्रेंचमध्ये सांगितलं, की हे कमळाबाईच्या सासूचं लुगडं. आमच्याकडं म्हातारं माणूस गेलं की त्याची नेसूची कापडं वाकळीत घालतात. थंडीत ते माणूस अंगाजवळ असल्यासारखं वाटतं.

क्लेरबाई ते मोबाईलमध्ये दोनदा ऐकत बसली.

पुढच्या वर्षी पाऊस सरत आला तेव्हा तिचा निरोप आला. तिची आई गेली होती. आईची कापडं तिथं कुणाला द्यायची तिला इच्छा होत नव्हती. ती घेऊन आली तर कमळाबाई शिवू देईल का, असं विचारलं होतं. मी कमळाबाईकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ये म्हणावं. लाल पातळ हाय माझ्या आईचं, खालच्या बाजूला ते लावू. दोघींच्या आया एकात बसतील."

मी ये म्हणून कळवलं. आणि नेमकं त्याच सुमाराला टीव्हीवर सुरू झालं की पॅरिसात ढेकूण झालेत. आगगाडीत ढेकूण, सिनेमाच्या खुर्चीत ढेकूण. तोच ढेकूण मोठा करकरून दाखवायचे, वर वाजंत्री लावून. ढेकूण काय मुंबईत नाहीत? पुण्याच्या वसतिगृहांत नाहीत? पण ते कोण दाखवणार. आठवडाभरात असं झालं की फ्रान्स म्हटलं की माणसं मान खाजवायला लागली.

गटाची बैठक शाळेच्या ओट्यावर होती. ताराबाई म्हणाली, "आक्का, ती बाई नुसती येत न्हाई, जुन्या कापडाचं गाठोडं घिऊन येतीय. मेलेल्या माणसाची कापडं. तिथली."

"मी बघते ना. माझ्या दारात उन्हाला घालीन, शिवण न् शिवण तपासीन."

"तुमी बघाल हो. लोक बघतील का?"

कमळाबाई शांतपणे म्हणाली, "आपल्या पिशवीकडं लोकांनी लांबनं बघायचं, हे मला नवं न्हाई ताराबाई. तुमी फकस्त माझ्या अंगणाकडं बघू नका म्हंजे झालं."

ताराबाईनं वही मिटली आणि बैठक उठली.

क्लेरबाई आली. कापडं तिनं आधीच बर्फाच्या कपाटात ठेवून, मग प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधून आणलेली. तरी मी शब्द दिला होता म्हणून खडकावर पसरली. काहीही नव्हतं. स्वयंपाक करताना गळ्यात अडकवायचा निळा झगा, भांडी पुसायची लाल काठाची फडकी, आणि रात्री घालायचा एक पांढरा झगा, छातीपाशी दोऱ्यानं दोन अक्षरं भरलेली. आईनं लग्नाआधी स्वतः भरलेली म्हणे. आई शेळ्या राखायची, त्यांचं दूध विकायची. हे कळल्यावर वरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी मुद्दाम खाली आली आणि त्या निळ्या झग्याच्या खिशात हात घालून बघून गेली. क्लेरबाई कापड हातात घेतलं की आधी नाकाशी न्यायची. मी विचारलं नाही. आई गेल्यावर मीही तिची चोळी किती दिवस धुतली नव्हती.

पांढरा झगा कमळाबाईनं आत घातला नाही. वरच्या अंगाला मधोमध बसवला, अक्षरं दिसतील असा. दोघी समोरासमोर बसून शिवायच्या. मध्येच कमळाबाई तिचा टाका उसवायची, "बाई, हे काय, बेडूक उड्या मारल्यागत," आणि क्लेरबाई तिच्या भाषेत काहीतरी उलटं ठणकावायची. दोघी हसायच्या.

नाताळाच्या सुट्टीला गर्दी उसळली. सहाही घरं भरली. गाद्या कमी पडल्या म्हणून ताराबाईनं भोरकडच्या एका मंडपवाल्याच्या गाद्या भाड्यानं आणल्या. मी भाड्याची गादी घरात घेत नाही. लग्नाच्या कार्यालयातून तमाशाच्या कनातीत, तिथून कुठं, कुणाला ठाऊक ती कुठं कुठं निजून आलेली असते. पण गर्दीत कोण विचारतो.

तिसऱ्या दिवशी ताराबाईच्या घरच्या मुंबईकर पाहुण्यांनी अंगावरच्या गांधींचे फोटो मोबाईलवर टाकले. खाली गडाचं नाव, गावाचं नाव. आणि दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर एक वार्ताहर आला, यूट्यूबवर बातम्या देणारा, हातात माईक. ताराबाईच्या दारात उभा राहिला असता तर त्याला गाद्या दिसल्या असत्या, कारण अजून तिथंच रचलेल्या होत्या. पण कुणीतरी त्याला सांगितलं की गावात फ्रान्सची बाई आहे. तो सरळ कमळाबाईच्या अंगणात.

मी पोचेपर्यंत त्यानं माईक क्लेरबाईच्या तोंडापुढं धरला होता. हिंदीत विचारत होता, "आपके देश में बहुत खटमल हैं ना? ये कपड़े वहीं से लाए?" तिला काय कळणार. अंगणात आलेल्या माणसाशी हसून मान डोलवायची, हे ती आमच्याकडूनच शिकलेली. ती हसली आणि मान डोलवली.

मी म्हणाले, "भाऊ, तिला हिंदी येत न्हाई. ढेकूण झालेत त्या घरी जा की, हे घर गावाच्या ह्या टोकाला, ते त्या टोकाला. ही बाई त्या घरात पाऊल टाकाय गेली न्हाई."

"मावशी, तुमचं पण घेतो ना," म्हणाला. घेतलं पण. दाखवलं नाही. दाखवलं ते एवढंच, की दोरीवर उन्हाला टाकलेली वाकळ, तिच्यावरची ती परकी अक्षरं, आणि हसून मान डोलवणारी गोरी बाई. वर लाल अक्षरांत, 'फ्रान्सचे ढेकूण गडाच्या पायथ्याला'.

ते सगळ्या महाराष्ट्रात फिरलं. माझ्या माहेरच्यांनी मला पाठवलं, तुझंच गाव ना म्हणून. पुढच्या महिन्याचे पाहुणे एकामागून एक नाही म्हणू लागले, सहाही घरांचे.

पुन्हा बैठक. ह्या वेळी मी आधीच बोलले, "ताराबाई, ढेकूण तुझ्या घरी निघाले. माझ्या घरी, कमळीच्या घरी एक न्हाई. तू गाद्या कुठनं आणल्या ते सगळ्यांला ठावं हाय."

"मंडपवाला आपला माणूस हाय. इतकी वर्सं आणतोय आपण," कुणीतरी मागून म्हणालं.

ताराबाई मात्र तसं म्हणाली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "आक्का, खरं काय ते मला कळत न्हाई असं समजू नका. काल सगळ्या गाद्या उलट्या करून बघितल्या म्या. पण खरं सांगून आता कुणाला पटणार हाय? लोकांनी वाकळ बघितलीय. लोकांना काय तरी दाखवाय लागंल. ती वाकळ जाळली आणि त्येचा व्हिडिओ टाकला, तर ही सहा घरं चालतील."

हे ऐकून मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. तिच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर होतं, घरात तेवढीच मिळकत. कमळाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आईचं पातळ हाय त्यात. मी जाळू द्यायची न्हाई." आणि निघून गेली.

कमळाबाईच्या अंगणात मी मोबाईलला सगळं सांगितलं, आणि मोबाईल क्लेरबाईला सांगत गेला. भाषांतर करणाऱ्या त्या बाईचा आवाज किती निवांत असतो, जाळा म्हटलं काय आणि जेवा म्हटलं काय, एकच सूर. क्लेरबाईनं ऐकून घेतलं. ताराबाईच्या सुनेला कितवा महिना, ते विचारलं. मग मोबाईलमध्ये बोलली. त्यातून आलं ते असं, "माझी आई दर सोमवारी मोठ्या भांड्यात कपडे उकळायची. उकळलं की ढेकूण मरतात. ते दाखवा. जाळू नका."

कमळाबाई म्हणाली, "लाल पातळ हाय खाली. कधी उकळलं न्हाई. रंग जाईल."

क्लेरबाईला ते कळलं असावं. तिनं पांढऱ्या झग्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

ते बघून कमळाबाई उकळायला तयार झाली, ताराबाईही. लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी कढई आणली, शाळेपुढच्या मैदानात तीन दगड मांडले. लाकडं क्लेरबाईनं लावली, जाळही तिनंच केला. वार्ताहराला ताराबाईनं बोलावलं होतं. तो आला, कढईकडं बघून म्हणाला, "जाळणार होता ना?"

"उकळतोय," मी म्हणाले.

"मग ह्यात काय दाखवायचं मावशी. पेटवणार असाल तर थांबतो."

कुणी पेटवलं नाही. तो गेला. ताराबाईनं तिच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढला, पण तो आमच्या ओळखीच्या माणसांपलीकडं गेला नाही. ज्यांनी पहिलं बघितलं त्यांनी हे बघितलंच नाही. गाद्यांचं तर कुणी कधीच काही छापलं नाही. मंडपवाल्याच्या गाद्या नंतर दुसऱ्या गावात गेल्या, तिथंही तक्रार झाली, असं ऐकलं. तोवर फ्रान्सवरून सगळे भलत्याच विषयावर गेले होते. पाहुणे मात्र उन्हाळ्यात परत येऊ लागले. ढेकूण कशामुळं झाले म्हणून कुणी विचारलं, तर गावातली माणसं अजून म्हणतात, ती फ्रेंच बाई नव्हती का. म्हणणाऱ्यांना खरं माहीत असतं. तरी म्हणतात, बोलायला सोपं पडतं म्हणून.

मला लोक सांगतात, तुम्ही किती केलंत तिच्यासाठी. काय केलं? एका माणसाला आपल्या आईची कापडं दुसऱ्या देशात जाऊन उकळावी लागली, तीही न केलेल्या गोष्टीसाठी. आणि ती उकळताना आम्ही सगळ्या बाया कडेनं उभ्या होतो, चांगल्या बाया, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या.

वाकळ वाळली तेव्हा पांढरा झगा गुलाबी झाला होता, कुठं गडद, कुठं फिक्कट. अक्षरं राहिली होती, टाके राहिले होते. क्लेरबाईनं दोन्ही हातांनी ती उचलून नाकाला लावली. मग तिनं कमळाबाईकडं बघून मान हलवली. वास गेला होता. कमळाबाईनं तिला बसवलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि पदरानं तोंड पुसत राहिली. राहिलेली कड त्या दोघींनी त्याच दिवशी शिवून संपवली.

ती निघाली तेव्हा तिला पुढं गोव्याला जायचं होतं, तिथून तिचं विमान. मी कापूरहोळपर्यंत सोडायला गेले, हायवेवर गाडी धरायला. थंडी होती. ढाब्याच्या पुढं बाकड्यावर बसलो, वाकळ तिच्या खांद्यावर. शेजारी एक बाई बसली होती, शिरवळकडं निघालेली. आमच्या बायांचा हात आपोआप जातो तसा तिचा हात वाकळीच्या काठाकडं गेला. बोटांनी टाके चाचपले. "लई बारीक हाय शिवण," म्हणाली. "कुणी शिवली?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं क्लेरबाईच्या तोंडाकडं नीट बघितलं. ओळखलं तिनं. मोबाईलवरच बघितलं असणार. तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला, बोट न् बोट. मग पिशवी उचलून बाकड्याच्या पार टोकाला सरकली.

क्लेरबाईनं ते सगळं बघितलं. खांद्यावरची वाकळ काढली, अक्षरं आत जातील अशी घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली. मी ती घडी तिच्या मांडीवरून ओढून उलगडली, अर्धी तिच्यावर, अर्धी माझ्यावर घातली, अक्षरं वर. तिची गाडी यायला खूप उशीर झाला. तोवर आम्ही तशाच बसून होतो.